दिवाळीआधीचे गादीवाफे आणि चैत्रातल्या भाज्या



शाळेच्या परसबागेचा विषय आपल्याकडे बहुधा जूनमध्ये निघतो. पाऊस पडतो, वृक्षारोपण होतं, फोटो निघतात आणि त्याच उत्साहात कोपऱ्यात दोन-चार वेल चढतात. पावसाळ्यात काय, दगडावर टाकलं तरी उगवतं! खरी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. तेव्हा पाणी आटलेलं असतं, माती कडक झालेली असते आणि बहुतेक शाळांची परसबाग फक्त फलकावर उरते.

आज आपण गादीवाफ्यांविषयी बोलणार आहोत. हे वाफे शरद ऋतूत, म्हणजे पाऊस उघडल्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीआधी करायचे. त्यांतल्या भेंडी-गवारीची तोडणी मात्र चैत्रात, म्हणजे वसंतात सुरू होते. मधले चार-पाच महिने कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. त्यामुळे आधी माझी चूक सांगते.

पहिल्या वर्षी काय झालं

माझी शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहे. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेल्या घरांत बांधाबांध सुरू होते, आणि दिवाळी उरकली की गाड्या निघतात. काही मुलं आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, आणि काही जातातच. ती परत येतात मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये.

पहिल्या वर्षी मी दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांना घेऊन घाईघाईत तीन वाफे केले. तिसरीतली एक मुलगी सगळ्यात पुढे होती. घरी शेतीची सवय, त्यामुळे ढेकळं फोडायला, दगड वेचायला तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, “बाई, आम्ही येईस्तोर काही राहील का त्यात?” मी म्हणाले, “राहील की! तू ये तर.”

सुट्टीनंतर मी मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा सगळं एकदम पेरलं. शेजारच्या गोठ्यातून ताजं शेण आणून घातलं होतं. अर्धं बी उगवलंच नाही, आणि जे उगवलं त्यातली काही रोपं मुळाशी कुरतडली गेली. तरी जानेवारीपर्यंत खिचडीत पालक पडला, एकदा मेथीची भाजीही झाली. मी खूश होते. फेब्रुवारीत वाफ्यांना भेगा पडल्या आणि मार्चमध्ये आमची सकाळची शाळा सुरू झाली, तोवर तिथे काहीच उरलं नव्हतं.

एप्रिलमध्ये ती मुलगी आली. दप्तर न टाकताच वाफ्याजवळ गेली, पायाने माती दाबून पाहिली आणि वर्गात येऊन बसली. मला काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. पहिली, मी मातीला वेळच दिला नव्हता. ‘पी हळद अन् हो गोरी’ असा सगळा कारभार. दुसरी, मी पीक शाळेच्या सोयीने निवडलं होतं. ज्यांनी वाफा खणला त्यांच्या परत येण्याचा हिशोब त्यात नव्हता. पुढच्या वर्षी दोन्ही दुरुस्त करायचं ठरवलं. ते कसं केलं ते आता क्रमाने सांगते.

शरदातच का?

मोसमी पाऊस आपल्या भागातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो. त्यानंतर काही दिवस मातीत ओल असते आणि ऊनही कडक असतं. जमीन खणायला याहून चांगली वेळ वर्षात नाही. पावसात खणली तर काळी माती चिखल होऊन घट्ट बसते. डिसेंबरनंतर खणायला गेलात तर टिकाव उसळून परत येतो.

वेळ ओळखायला मुलांना ‘वाफसा’ हा शब्द शिकवा. जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, अवजाराला माती चिकटत नाही, या अवस्थेला वाफसा म्हणतात. परीक्षा सोपी आहे. वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. लाडू तसाच चेपला तर अजून ओल जास्त आहे, चार दिवस थांबा. वळलाच नाही तर उशीर झाला, आदल्या संध्याकाळी पाणी मारून मग खणा. पडून भुगा झाला तर वाफसा आला. आमच्या मुलांनी चार-पाच दिवस रोज लाडू टाकून पाहिले आणि तारखेसह वहीत नोंदी केल्या.

शरदात सुरुवात करण्याचं दुसरं कारण म्हणजे सुट्टी. वाफा भरल्यावर त्याला किमान दोन-तीन आठवडे विश्रांती लागते. दिवाळीची सुट्टी नेमकी तेवढीच असते. शाळा बंद असताना वाफ्याचं काम चालू राहतं.

जागा आणि माप: गणिताचा तास

जागेला किमान सहा तास ऊन हवं. मोठ्या झाडाखाली नको, कारण सावली तर असतेच, शिवाय झाडाची मुळं वाफ्यातलं पाणी ओढतात. शौचालयाच्या शोषखड्ड्याजवळ अजिबात नको. पाण्याची टाकी जितकी जवळ तितकं बरं. बादली लहान हातांनी उचलायची आहे, हे विसरू नका.

वाफ्याची रुंदी मुलांच्या हातावरून ठरवायची. मुलांना उकिडवं बसवा, हात पुढे पसरायला सांगा आणि तोल न जाता हात कुठवर पोहोचतो ते मोजा. तिसरी-चौथीच्या मुलांचा हात साधारण ४५ सेंटीमीटरपर्यंत आरामात पोहोचतो. दोन्ही बाजूंनी हात घालायचा, म्हणून रुंदी ९० सेंटीमीटर. मोठ्यांसाठी एक मीटर ते सव्वा मीटर चालते. लांबी आम्ही ३ मीटर घेतली. उंची १५ ते २० सेंटीमीटर पुरते. दोन वाफ्यांमध्ये ४५ सेंटीमीटरची वाट सोडली.

आता फळ्यावर जा. ३०० सेंमी आणि ९० सेंमी बाजू असलेल्या आयताची परिमिती किती? ७८० सेंमी. म्हणजे कडेला लावायला २० सेंमी लांबीच्या किती विटा लागतील? ३९. हे उदाहरण पुस्तकातलं असतं तर निम्मा वर्ग जांभया देत बसला असता. इथे मुलांनी स्वतःच विचारलं, “बाई, शाळेमागं किती विटा पडल्यात?” त्या २६ निघाल्या. मग उरलेल्या १३ विटांच्या जागी किती दगड लागतील, हा पुढचा प्रश्न मुलांनीच काढला.

कडेला विटा, दगड, फुटकी कौलं, फरशीचे तुकडे काहीही चालतं. रंग दिलेलं जुनं लाकूड टाळा, कारण त्यातला रंग मातीत उतरतो. काहीच नसेल तर कडा उतरत्या ठेवून नुसत्या मातीचाही गादीवाफा होतो.

वाफा उंच करायचाच कशाला, हा प्रश्न पालकही विचारतात. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी धरून ठेवते, त्यामुळे मुळांना हवा मिळत नाही. उंच वाफ्यातून जादा पाणी वाटेत उतरतं. दुसरं म्हणजे वाफ्यावर कुणी पाय देत नाही, म्हणून माती भुसभुशीत राहते. ‘वाफ्यावर पाय नाही’ हा आमच्या बागेचा पहिला नियम आहे. तो मोडणाऱ्याने दोन बादल्या पाणी आणायचं. एकदा मलाही आणावं लागलं!

वाफा भरण्याचे टप्पे

*पहिला दिवस: सफाई.* गवत मुळासकट काढा. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या कांड्या मातीत राहिल्या तर पुन्हा फुटतात, म्हणून त्या वेचून वेगळ्या टोपलीत टाका आणि कडक उन्हात वाळवा. गाजरगवत मुलांच्या हातात देऊ नका. त्याने अंगाला खाज सुटते आणि काहींना श्वासाचाही त्रास होतो. ते मोठ्यांनीच हातमोजे घालून, फुलं येण्याआधी काढावं. दगडही आधी मोठ्या माणसाने काठीने उलटावेत. आमच्याकडे दगडाखाली विंचू हमखास निघतो.

*दुसरा दिवस: खणणे.* कुदळ-टिकावाचं काम मोठ्यांचं. आम्ही शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोन पालकांना बोलावलं. २० ते २५ सेंटीमीटर खोल खणायचं. मुलांनी ढेकळं फोडायची, खडे वेचायचे. मग वाटेवरची वरची माती वाफ्यावर ओढायची. वाट खाली जाते, वाफा वर येतो, आणि बाहेरून माती विकत आणावी लागत नाही.

*तिसरा दिवस: खत.* एका वाफ्याला तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि चार-पाच ओंजळी निंबोळी पेंड. हे वरच्या वीतभर मातीत नीट मिसळा. पृष्ठभाग फळीने सारखा करा. मध्ये खळगा राहिला तर पाणी तिथेच साचतं.

इथे ‘कुजलेलं’ हा शब्द अधोरेखित करा. मी पहिल्या वर्षी इथेच चुकले. ताजं शेण मातीत कुजताना उष्णता आणि अमोनिया तयार होतो, कोवळी मुळं होरपळतात. त्यात गवताचं बी असतं, हुमणीच्या अळ्याही येऊ शकतात. चांगलं खत ओळखायचं कसं? शेणाचा वास नसतो, पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा मातीचा वास येतो. रंग काळपट असतो, हातात चहाच्या पुडीसारखं मोकळं होतं, आणि ढिगात हात घातला तर गरम लागत नाही.

तरी शंका असेल तर मुलांकडून हा प्रयोग करून घ्या. दोन करवंट्या घ्या. एकीत नुसती माती, दुसरीत अर्धी माती नि अर्धं आपलं खत. दोन्हींत मेथीचे दहा-दहा दाणे टाका आणि ओल ठेवा. मेथी तीन-चार दिवसांत कोंब दाखवते. खताच्या करवंटीत दाणे कमी उगवले किंवा कोंब करपले, तर खत अजून कच्चं आहे. वाफ्यात घालायच्या आधी हे कळलेलं बरं.

*चौथा दिवस: पांघरूण.* वाफ्यावर पाणी शिंपडा आणि वरून वीतभर जाडीचं आच्छादन घाला. बागकामाच्या परदेशी चित्रफितींत शरद ऋतूत झाडाखाली पानांचे ढीग दिसतात. आपल्याकडे पानगळ शिशिरात होते, ऑक्टोबरमध्ये तेवढी पानं मिळत नाहीत. पण आपल्याकडे याच दिवसांत सोयाबीनची मळणी होते. सोयाबीनचं, मुगा-उडदाचं भुसकट शेतकरी पालकांकडे मागितलं तर सहज पोतंभर मिळतं. तेही नसेल तर बी न धरलेलं वाळकं गवत चालेल.

एक काळजी घ्या. हे भुसकट वरच ठेवायचं, मातीत कालवायचं नाही. वाळका काडीकचरा मातीत मिसळला की तो कुजवण्यासाठी सूक्ष्मजीव मातीतलं नत्र वापरतात, आणि रोपांना ते कमी पडून पानं पिवळी होतात. वर ठेवलं तर ते हळूहळू खालून कुजत जातं, ओल टिकवतं आणि वाफ्याला भेगा पडू देत नाही.

झालं! आता शाळेला कुलूप लावा आणि दिवाळीचा फराळ खा. सुट्टीत दोनदा कुणीतरी पाणी शिंपडलं की पुरे. आमच्याकडे शाळेशेजारच्या एका आजींनी हे काम घेतलं.

सुट्टीनंतर

सुट्टी संपवून आल्यावर वाफ्यावरचं भुसकट थोडं बाजूला करून पाहायला सांगा. खाली गवताचे बारीक कोंब फुटलेले असतात. मुलं हिरमुसतात. पण ही चांगली बातमी आहे. वरच्या थरातलं जे तण उगवायचं ते बी पेरण्याआधीच उगवलं. खुरप्याने वरवर खरवडून काढा. खोल खुरपू नका, नाहीतर खालचं बी वर येतं. यानंतर पेरलेल्या भाजीत तण फारच कमी येतं. हे काम चुकवलं तर मेथी कोणती आणि गवत कोणतं हे ओळखण्यातच आठवडा जातो.

दुसऱ्या वर्षी आम्ही चार वाफे केले होते. त्यांची वाटणी अशी:

१. हिवाळ्याचे दोन वाफे. नोव्हेंबरमध्ये मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा. मेथी महिनाभरात काढणीला येते, पालक पाच आठवड्यांच्या आसपास, मुळा आणि कोथिंबीर साधारण दीड महिन्यात. धणे पेरण्याआधी चपलेने हलके रगडून दोन फाकी करायच्या. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरायचं, त्याहून खोल नाही.

२. वसंताचे दोन वाफे. यात नोव्हेंबरमध्ये काहीच पेरायचं नाही. पांघरूण घालून तसेच ठेवायचे. आठवड्यातून एकदा, पोषण आहाराची डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी त्यावर शिंपडायचं. साबणाचं पाणी नको. जानेवारीत भुसकट खाली बसलं की पानगळीची पानं वर टाकायची.

दुसरा भाग मुलांना समजावणं सगळ्यात अवघड गेलं. “बाई, हे वाफे रिकामेच का?” असं डिसेंबरभर रोज कुणीतरी विचारायचं. मुख्याध्यापकांनीही विचारलं, आणि भेट द्यायला आलेल्या साहेबांनीही विचारलं. फोटोत रिकामा वाफा वाईट दिसतो हे खरं आहे. मग आम्ही एक गोष्ट केली. दर शनिवारी दोन मुलांनी एका कोपऱ्यातलं पांघरूण उचलायचं, खाली काय दिसतं ते पाहायचं, लिहायचं आणि पुन्हा झाकायचं. पहिल्या नोंदीत होतं, ‘काही नाही. माती.’ नंतरच्या नोंदींत आलं, ‘पांढरी जाळी दिसली, बाई म्हणाल्या बुरशी’, ‘गोगलगाय १’, ‘गांडूळ २, एक लहान’, ‘भुसा काळा झाला, खालचा ओळखू येत नाही’. जानेवारीत एका मुलाने लिहिलं, ‘बोट आत जाते. शेजारच्या जमिनीत जात नाही.’ परिसर अभ्यासात माती आणि सजीवांवर मी कितीतरी तास घेतले असतील. त्या वाक्याइतकं नेमकं उत्तर मला पेपरात कधी मिळालं नव्हतं.

माघ संपताना पेरणी

भेंडी आणि गवार ही उष्णतेची पिकं. थंडीत भेंडीचं बी मातीत तसंच पडून राहतं. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यावर, रात्रीचा गारवा उतरल्यावर पेरायचं. पेरणीपुरतं पांघरूण बाजूला करायचं. भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवायचं. दोन ओळींत ४५ सेंमी आणि दोन रोपांत ३० सेंमी अंतर. प्रत्येक जागी दोन बिया, नंतर एक सशक्त रोप ठेवायचं. एका वाफ्यात भेंडी, दुसऱ्यात गवार आणि चवळी, आणि कुंपणाच्या कडेला दोडक्याचे वेल. रोपं चार बोटं वाढली की तेच पांघरूण पुन्हा बुंध्याभोवती सरकवायचं.

फेब्रुवारीच्या मध्याला पेरलेल्या भेंडीची पहिली तोडणी दीड महिन्याच्या पुढेमागे, म्हणजे एप्रिलच्या तोंडावर सुरू होते. गवारीला त्याहून थोडे दिवस जास्त लागतात. आता तुमच्या लक्षात आलं असेल की मी हीच पिकं का निवडली.

पाण्याचं काय केलं? वाफ्याच्या मधोमध दोन मडकी गळ्यापर्यंत पुरली. मडकं पक्कं भाजलेलं पण झिरपणारं हवं, रंग किंवा चकाकी दिलेलं नको. त्यात पाणी भरून वर झाकण ठेवायचं. पाणी हळूहळू मुळांकडे झिरपतं, उन्हात उडून जात नाही. मडक्यांपासून लांबच्या रोपांना तांब्याने थेट बुंध्याशी पाणी घालायचं. सकाळच्या शाळेत मुलं आली की प्रार्थनेआधी हे काम उरकायचं. टँकरच्या दिवसांत हंडा हंडा मोजून वापरावा लागतो, तिथे असे झाकलेले भुसभुशीत वाफेच तग धरतात. नुकत्याच खणलेल्या उघड्या वाफ्यावर ओतलेलं पाणी दुपारपर्यंत दिसतसुद्धा नाही.

यातून शिकवायचं काय?

डी.एड.ला आपण सगळ्यांनी नयी तालीम पाठ केली. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, हाताच्या कामातून शिक्षण, वगैरे वगैरे. पाच गुणांचं उत्तर लिहिलं आणि विसरलो. गादीवाफा हे त्याचं सगळ्यात स्वस्त साधन आहे. इयत्तेप्रमाणे वाटणी अशी करता येईल:

- पहिली-दुसरी: बिया मोजणे, दहा-दहाचे गट, लहान-मोठं, पानांचे आकार, अवजारांची नावं.
- तिसरी: वीत आणि हात यांची सेंटीमीटरशी तुलना, वाफशाची परीक्षा, मराठी महिने आणि ऋतूंची पट्टी.
- चौथी-पाचवी: परिमिती, क्षेत्रफळ, किती बियांतून किती उगवल्या याचा हिशोब, निरीक्षण वही, पालकांना भुसकट मागणारं पत्र.

पालकांसाठी एक विनंती. घरी अंगण नसेल तर गच्चीत फळांचे जुने क्रेट घ्या, आत जुनी गोणी अंथरा आणि हेच टप्पे छोट्या प्रमाणात करा. मूल चार दिवसांनी म्हणेल, “काहीच होत नाहीये.” तेव्हा त्याच्या हातात मोबाईल देऊ नका. पांघरूण उचलून आत काय चाललंय ते दाखवा. आणि मातीत हात घातल्यावर ओरडू नका. साबणाने हात धुता येतात.

दुसऱ्या वर्षीचा एप्रिल

ती मुलगी आता चौथीत होती. दिवाळीनंतर याही वर्षी गेली. जाताना तिने काही विचारलं नाही, आणि मीही काही कबूल केलं नाही.

मार्च संपता संपता भेंडी लागायला सुरुवात झाली. मुलांना मी बजावलं होतं की भेंडी कोवळी असतानाच तोडायची, एक दिवसाआड. झाडावर जून होऊ दिली तर नव्या शेंगा कमी लागतात. मुलं तोडत होती, खिचडीबरोबर भेंडीची भाजी होत होती. पण कोपऱ्यातल्या एका झाडाला कुणीतरी सुतळी बांधली होती आणि त्याची एकही भेंडी तोडली जात नव्हती. मी विचारलं तर सगळे गप्प. शेवटी पहिलीतलं एक पोरगं बोललं, “ते तिचं हाय. तिनं खणलं व्हतं.”

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती आली. तोपर्यंत त्या झाडावरच्या भेंड्या बोटभर जाड नि लाकडासारख्या टणक झाल्या होत्या. खाण्याच्या कामाच्या नव्हत्याच. मला मेली लाज वाटायला लागली, की याही वर्षी हिला भाजी नाही. तिने एक भेंडी हातात घेतली, वाकवून पाहिली आणि म्हणाली, “बाई, ह्या बियाला ठेवू.” मग दुसऱ्या झाडांवरच्या कोवळ्या भेंड्या तिने स्वतः तोडल्या आणि ओट्यात भरून स्वयंपाकाच्या ताईंकडे नेऊन दिल्या.

सुतळीच्या झाडावरच्या शेंगा मे महिन्यात वाळल्या. त्यातलं बी आम्ही राखेत घोळून बाटलीत भरलं. बाटलीवर तिचं नाव आहे. ती आता पाचवीला मोठ्या शाळेत गेली, पण बाटली आमच्या कपाटात आहे. येत्या फेब्रुवारीत तेच बी पेरणार आहोत.

म्हणून सांगते, सुट्टी लागायला अजून काही दिवस आहेत. उद्या शाळेत गेलात की मूठभर माती घेऊन लाडू वळून बघा. भुगा झाला तर लगेच कामाला लागा. तुमच्या शाळेत कोणतं भुसकट मिळतं, मडकी कुठून आणता, सुट्टीत पाणी कोण घालतं, ते मला जरूर कळवा. आमच्या मुलांना दुसऱ्या शाळांच्या बागांविषयी वर्गात वाचून दाखवलेलं फार आवडतं.

सर्वांना दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा!